आवाज गेला, आवाज आला: थेट मागवलेल्या कार्बन ग्रॅव्हल फ्रेममधली बीबीची कटकट

तक्रार आधी सांगतो, म्हणजे तुमची तीच आहे का ते लगेच कळेल. चढावर जोर लावून पायडल मारलं की उजवा पाय खाली जाताना पायाखालून 'कट्' असा आवाज येतो. सपाटीवर नाही, उतारावर नाही, सायकल स्टँडवर टांगून क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, फिरवला तर अजिबात नाही. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे आपला बीबी (क्रँकचा ॲक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो तो फ्रेममधला भाग), खोलून पुसून ग्रीस लावून परत बसवला की आवाज गायब. साधारण दीडशे किलोमीटर झाले की परत हजर.

हा खेळ मी चार वेळा केला. प्रत्येक वेळी वाटलं, मागच्या वेळी ग्रीस कमी पडलं असणार. ग्रीस लावल्यावर आवाज थांबायचा, म्हणून कारण सापडलं असं मी धरून चाललो होतो. चूक नेमकी तिथे होती. ग्रीसने आवाज थांबतो तो दोन हलणाऱ्या पृष्ठभागांच्या मधे काहीतरी मऊ आलं म्हणून. ते हलतायत का, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

सायकलचा तपशील: फ्रेम चीनमधल्या एका कारखान्याकडून थेट मागवलेली, रंगासकट १,१४० ग्रॅम, ७०० बाय ४५ टायर बसेल एवढी जागा, पुढे-मागे १२ मिमीचे थ्रू ॲक्सल. क्रँक शिमानो जीआरएक्स, चेनरिंग (पुढची दातेरी चक्रं) ४६ आणि ३० दातांच्या, ॲक्सल २४ मिमीचा. मागे ११ ते ३४ दातांची, ११ गिअरची कॅसेट. बीबीची जागा '३८६' प्रकारची: रुंदी ८६.५ मिमी, भोक ४६ मिमी, आत आटे नाहीत. दोन्ही बाजूंनी बेअरिंगचे कप दाबून बसवायचे. २४ मिमीचा ॲक्सल ४६च्या भोकात घ्यायचा म्हणून मी त्या मापाचे प्लास्टिकचे कप घेतले होते. जोडणी घरीच, कोथरूडच्या गच्चीवर. वापर म्हणाल तर पिरंगुट, मुळशी, पानशेतच्या मागचे मुरमाचे रस्ते आणि अधूनमधून सिंहगड.

आवाज कुठून येतोय, ते कानाने ठरवू नका

कार्बनची फ्रेम आतून पोकळ असते आणि तिच्या भिंती पातळ. तंबोऱ्याची तार एकीकडे आणि घुमतो भोपळा, तसं इथे होतं. मागच्या चाकाच्या खाचेत झालेली कुरकुर पायाखाली ऐकू येते, सीटपोस्टची करकर हँडलमध्ये ऐकू येते. म्हणून ठिकाण शोधण्याआधी ताल शोधा. आवाज कशाच्या फेरीशी जुळतो?

पायाच्या प्रत्येक फेरीला, त्याच जागी, एकदा आवाज येत असेल तर संशयित म्हणजे पायडल, क्रँक, चेनरिंगचे बोल्ट आणि बीबी. चाकाच्या फेरीला येत असेल तर हब, आरे, डिस्क, ॲक्सल. चेनची एखादी कडी जड झाली असेल तर ताल विचित्र लागतो. पुढे ३०ची चेनरिंग असेल तर ११० कड्यांची चेन पूर्ण एक वेढा घ्यायला क्रँकच्या साडेतीन-पावणेचार फेऱ्या घेते, म्हणजे आवाज तितक्या अंतराने येईल. पायडल थांबवून खड्ड्यातून जाताना येणारा आवाज बहुतेक हेडसेटचा (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याचा), सीटचा, नाहीतर बाटलीच्या स्टँडचा.

इथे मी एक गाढवपणा केला. सिंहगडाच्या चढावर माझा नेहमीचा गिअर पुढे ३० आणि मागे ३०. या जोडीत क्रँकची एक फेरी म्हणजे चाकाचीही बरोबर एकच फेरी. दोघांचा ताल तंतोतंत सारखा! आवाज क्रँकचा की चाकाचा हे त्या गिअरमध्ये ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मी दोन आठवडे मागचं चाक निर्दोष धरलं ते याच भरवशावर. तपासणी करताना मुद्दाम मागे २३ किंवा २५वर या, पाय दुखले तरी चालतील, आणि मग मोजा.

ताल पायाचा आहे हे नक्की झालं की पुढचं सोपं आहे. उभं राहून पायडल मारा. आवाज थांबला तर सीट, सीटचे रूळ किंवा सीटपोस्ट. माझा थांबला नाही, तरीही मी सीटपोस्टवर दोन संध्याकाळी घालवल्या, कारण कुणीतरी सांगितलं की कार्बनच्या सीटपोस्टला आवाज असतोच. असतो, पण तो वेगळा. कोरडा आणि लांबलेला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. तिथे ग्रीस चालत नाही, बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लागते आणि क्लँप फ्रेमवाल्याने सांगितलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला), बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळायचा. एवढं करून सीटपोस्टचा विषय संपवा.

पायडल मित्राच्या सायकलचे काढून लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि एक संशयित कायमचा सुटतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसेल तर आधी माहीत करून घ्या, क्रँकचे आटे गेले तर ते पुढचं दुखणं. चेनरिंगचे बोल्ट एकेक काढून, पुसून, परत आवळा. पायडल आणि बोल्ट दोन्हीकडून माझ्या पदरात काही पडलं नाही.

अर्धा आवाज हँगरचा होता

मागचं चाक निर्दोष धरल्याचं वर सांगितलं. ते पूर्ण निर्दोष नव्हतं. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या तुकड्यावर लटकतो तो हँगर माझ्या फ्रेमला यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) प्रकारचा आहे, स्रॅम कंपनीने २०१९मध्ये आणलेला आणि आता बऱ्याच कारखान्यांनी उचललेला. तो काढून पाहिला तर फ्रेमवर जिथे तो टेकतो तिथे रंगाचा थर. एका कडेला जाड, दुसरीकडे जवळपास नाहीच. कारखान्यात रंग मारताना ती जागा झाकलेली नव्हती. हँगर रंगाच्या उंचवट्यावर डुलत होता आणि जोर आला की कुरकुरत होता.

रंग ब्लेडने नाही, लाकडाच्या पट्टीला १,००० नंबरचा ओला पॉलिश पेपर लावून हळूहळू उतरवला. कार्बन दिसायला लागायच्या आत थांबायचं. टेकायच्या जागेवर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळला. लक्षात ठेवा, यूडीएचच्या बोल्टचे आटेही उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने जोर लावत बसलात तर तुम्ही तो सैल करताय.

यानंतर आवाज अर्धा झाला. दोन आवाज एकमेकांत मिसळलेले होते आणि त्यातला एक गेला. थेट मागवलेल्या फ्रेमचा त्रास असाच असतो, कारण एक नसतं. रंग नको तिथे लागलेला असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे: हेडसेटच्या बेअरिंगची बैठक, ब्रेक कॅलिपरची बैठक, बीबीच्या दोन्ही कडा. जोडणी सुरू करण्याआधीच या चार जागा नखाने चाचपून पाहिल्या असत्या तर माझे दोन महिने वाचले असते.

थांबा: ही करकर आहे की तडा?

पुढे जाण्याआधी हे करा, आणि मी केलं त्याच्या उलट क्रमाने करा, म्हणजे सगळ्यात आधी. सायकल धुऊन, कोरडी करून, बॅटरीचा उजेड आडवा धरून बीबीच्या भोवतीचा भाग, चेनस्टेचं (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचं) मूळ आणि हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) खालचा भाग नीट पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तिथे आणि तिच्या आजूबाजूला नाण्याने हलकेच टकटक करा. चांगल्या कार्बनचा आवाज खणखणीत येतो, आतून थर सुटले असतील तिथे तो अचानक बसका होतो, माठाला तडा गेल्यावर होतो तसा. भिंतीची जाडी जागोजागी वेगळी असल्याने आवाज थोडा बदलतोच, म्हणून डाव्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करा.

आणि आवाज पुढून, हँडल किंवा फोर्कच्या नळीतून येत असेल तर सायकल चालवणं त्याच दिवशी बंद. फोर्क बाहेर काढा, नळी पूर्ण तपासा. बीबी वाजला तर फार तर चिडचिड होते. फोर्कची नळी उतारावर तुटली तर चिडचिड करायलाही माणूस शिल्लक राहील याची खात्री नाही.

चार वेळा ग्रीस आणि एकदा हिरवं औषध

आता मूळ दुखणं. दाबून बसवायचा कप टिकतो कशावर? त्याचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा मिलीमीटरच्या काही शतांशांनी मोठा असतो, तेवढ्यावर. भोक त्याला चहूबाजूंनी कवटाळून धरतं. ही पकड असेल तर तिथे ग्रीस लावा, न लावा, कप हलत नाही. पकड नसेल तर पायाच्या प्रत्येक दाबाला कप केसभर सरकतो, आणि तो केसभर सरकतानाचा आवाज भोपळ्यात घुमतो. ग्रीसचा थर मधे असेपर्यंत सरकणं मुकं होतं. मुरमाची धूळ, पावसाचं पाणी आणि सततचा दाब यांनी थर बाजूला ढकलला गेला की ते परत बोलकं होतं. माझे दीडशे किलोमीटर म्हणजे त्या थराचं आयुष्य होतं, बाकी काही नाही. पावसाळ्यात ते ऐंशीवर आलं होतं, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

पहिल्याच दिवशी एक धडधडीत खूण मिळाली होती. उजवा कप बसवताना दाबयंत्राचा दांडा दोन्ही हातांनी फिरवावा लागला होता. डावा कप मात्र जवळजवळ हातानेच आत गेला. तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "बघ, किती सुरेख बसला." ती म्हणाली, "मग तो उजवा असा का नाही बसला?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेला.

पाचव्या वेळी ग्रीसऐवजी रिटेनिंग कंपाउंड वापरलं, लॉकटाइट ६०९, ते हिरवं द्रव. बेअरिंग भोकात सैल होत असेल तर कारखान्यांत हेच लावतात, मग इथे का नाही? चोवीस तास ठेवलं. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये आवाज नाही. एकशेवीसला परत. कप बाहेर काढला तर द्रव जसंच्या तसं ओलं!

याचं कारण कळल्यावर मला स्वतःचाच राग आला, कारण बाटलीसोबतच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. हे द्रव सुकत नाही, ते घट्ट होतं. आणि घट्ट व्हायला त्याला दोन गोष्टी लागतात: हवेचा अभाव आणि धातूचा स्पर्श. लोखंड-तांब्याच्या जवळ ते लवकर घट्ट होतं, ॲल्युमिनिअमजवळ सावकाश. माझ्याकडे एका बाजूला प्लास्टिकचा कप, दुसऱ्या बाजूला उघडा कार्बन. धातू कुठेच नाही. म्हणजे मी चोवीस तास वाट पाहून महागडं वंगण लावलं होतं. शिवाय काही प्रकारच्या प्लास्टिकला हे द्रव लागलं की त्यात बारीक चिरा पडू शकतात. तुमच्या फ्रेममध्ये कार्बनच्या आत ॲल्युमिनिअमची नळी चिकटवलेली असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी टॉर्च मारून आत काय आहे ते बघा.

भोसरीला जाऊन आलो

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं: मोजलं. माझ्याकडे व्हर्निअर होता, पण भोकाचं आतलं माप व्हर्निअरने घेणं म्हणजे अंदाजपंचे. जबडा जरा तिरका लागला की पाच शतांशांचा फरक, आणि आपलं भांडणच पाच शतांशांचं. बोअर गेज हवा होता. भोसरी एमआयडीसीत एका मित्राच्या ओळखीचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे फ्रेम घेऊन गेलो.

"काका, या भोकाचं माप घेऊन द्याल का?"

काकांनी फ्रेम एका हाताने उचलली, वजन पाहून माझ्याकडे पाहिलं. "यात अजून काही बसवायचं राहिलंय का दादा?"

गेज ४६च्या रिंगवर शून्य करून त्यांनी प्रत्येक बाजूला चार ठिकाणी माप घेतलं, एकदा कडेशी आणि एकदा आत. उजवीकडे ४६.०१, सगळीकडे जवळपास तेवढंच. डावीकडे आडवं ४६.०७ आणि उभं ४६.११. मग प्लास्टिकचा कप मायक्रोमीटरमध्ये धरला: ४६.०६.

"उजवीकडे ठीक आहे. डावीकडे प्रेस बसणारच नाही, हा हाताने जाणार. आणि ओव्हॅलिटी आहे चार शतांशांची. कुणी केलाय हा जॉब?"

मी चीनचं नाव घेतलं. काका म्हणाले, "मापात तेपण करतात. ह्याचं माप कुणी घेतलेलं नाही."

सहा महिन्यांत कुणी एवढं नेमकं बोललं नव्हतं. मोठ्या कंपनीच्या फ्रेमची किंमत जास्त का, याच्या उत्तरातला एक भाग म्हणजे तिथे कुणीतरी गेज घेऊन बसलेलं असतं आणि चार फ्रेम बाजूला काढतं. थेट मागवताना ते पैसे वाचतात, आणि तो गेज घेऊन बसलेला माणूस तुम्ही होता. भोसरीच्या काकांनी शंभर रुपये आणि एक चहा घेतला.

मग आवाज उजव्या पायाला का यायचा, डावीकडचं भोक सैल असताना? पायडल बेअरिंगच्या बाहेर असतं. उजव्या पायडलवर दाब आला की ॲक्सल उजव्या बेअरिंगवर टेकतो आणि त्याचं डावं टोक वर उचललं जातं, बागेतल्या सी-सॉसारखं. सैल कप भोकाच्या वरच्या बाजूला जाऊन आपटतो: 'कट्'. डावा पाय दाबल्यावर तो परत खाली बसायचा. तो आवाजही होता, पण बारीक. बंद खोलीत, मागचा ब्रेक घट्ट धरून, क्रँक आडवे ठेवून एकेका पायडलवर हाताने जोर दिला तेव्हा तो ऐकू आला. ही चाचणी तुम्हीही करा आणि करताना दुसऱ्या माणसाला कपाच्या कडेवर आणि फ्रेमवर मिळून बोट ठेवायला सांगा. कान फसतो, बोटाला मात्र हालचाल कळते.

शेवटी काय बसवलं

दोन पर्याय होते. एक, डाव्या बाजूला मोठ्या व्यासाचा कप करून घेणं. काका करून द्यायला तयार होते, पण भोक लंबगोल आहे, त्यात गोल कप जोराने दाबला तर कार्बनच्या थरांवर दोनच ठिकाणी ताण येतो. ते मला नको होतं. भोक स्वतः घासून गोल करायचा विचार तर मनातही आणू नका. एकदा धागे कापले गेले की ते परत येत नाहीत, आणि ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

दुसरा पर्याय, एकमेकांत आटे असलेला बीबी. यात डावा आणि उजवा कप फ्रेमच्या आत एकमेकांत पिळून बसतात, मिळून एकच नळी होते, आणि दोन्हीकडच्या कडा फ्रेमला बाहेरून चिमटीत धरतात. बेअरिंग एका रेषेत राहतात ते नळीमुळे, फ्रेमच्या भोकांच्या कृपेने नाही. सुट्या कपांत डावं भोक आणि उजवं भोक एका रेषेत नसतील तर बेअरिंग तिरकी बसतात आणि लवकर झिजतात. माझी आधीची दोन्ही बेअरिंग १,८०० किलोमीटरमध्ये खरखरायला लागली होती, ॲक्सल घालताना रबरी हातोडीचे चांगले चार-पाच ठोके द्यावे लागायचे. नव्या बीबीत तो तळहाताच्या दाबाने गेला. हा फरक हाताला कळला तेव्हाच मला वाटलं की या वेळी जमलं.

या बीबीच्या ॲल्युमिनिअमच्या कपाचा व्यास ४६.०३ भरला. म्हणजे उजवीकडे पकड, डावीकडे चार ते आठ शतांशांची फट. ती फट भरायला परत रिटेनिंग कंपाउंड, पण या वेळी नीट. ६०९ऐवजी ६४१ घेतलं, कारण ते पुढे खोलायची वेळ येणाऱ्या बेअरिंगसाठीच असतं. कार्बनच्या फ्रेमला हीट गन लावून कप सोडवणं मला परवडणारं नव्हतं. भोक आणि कप दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. मग ॲक्टिव्हेटर ७६४९चा हात दोन्हींवर. यामुळे धातू एकाच बाजूला असला तरी कंपाउंड घट्ट होतं. फ्रेमच्या रंगाभोवती टेप लावा, ॲक्टिव्हेटर रंगाला चांगला नाही. आणि कपांच्या एकमेकांतल्या आट्यांवर कंपाउंड जाऊ देऊ नका, तिथे ग्रीस. नाहीतर पुढच्या वेळी बीबी आणि फ्रेम एकच वस्तू झालेली असेल.

आवळण्याआधी फ्रेमच्या दोन्ही कडांवरचा रंग हँगरसारखाच उतरवला, कारण हा बीबी कडांवर टेकतो आणि कडा समांतर नसतील तर सगळी मेहनत पाण्यात. कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळला, चोवीस तास हात लावला नाही. मग क्रँक: डाव्या बाजूची प्लास्टिकची टोपी फक्त खेळ जाईपर्यंत, शिमानोच्या सांगण्यानुसार ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांचा जोर. मग क्रँकचे दोन बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ला. पुष्कळ लोक ही टोपी पान्ह्याने आवळतात आणि महिन्याभरात बेअरिंगला शिव्या देतात.

कंपाउंडच्या थराचा आणखी एक फायदा आहे. कार्बन आणि ॲल्युमिनिअम थेट एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनिअम गंजून पांढरी पूड होते. घाम आणि पावसाळा दोन्ही आपल्याकडे मुबलक, कोकणात राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको. मधला थर दोघांना वेगळं ठेवतो.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार, आणि मागवण्याआधीचं थोडं

पहिल्या तक्रारीला उत्तर आलं, "कृपया ग्रीस लावा." काकांच्या गेजचे फोटो पाठवल्यावर सूर बदलला. फ्रेम परत पाठवली तर बदलून देऊ म्हणाले, पण पाठवण्याचा खर्च माझा, आणि तो फ्रेमच्या किमतीच्या तुलनेत वेडेपणाचा होता. शेवटी नव्या बीबीची किंमत परत मिळाली. घासाघीस करायची असेल तर व्हिडिओतल्या आवाजाला ते भीक घालत नाहीत, मापाच्या फोटोला घालतात. फ्रेम हातात आल्याच्या आठवड्यात, काहीही बसवण्याआधी माप घ्या. एकदा कप दाबला की "तुम्हीच भोक मोठं केलं" असं म्हणायला ते मोकळे.

अजून मागवलीच नसेल तर आट्यांचा बीबी असलेली फ्रेम निवडा, बीएसए किंवा टी४७. कारखाना दोन्ही पर्याय देत असेल तर शंभर ग्रॅमसाठी दाबायच्या कपांचा मोह धरू नका. दोन्हींत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथेही कार्बनमध्ये चिकटवलेली धातूची नळी सुटण्याचा धोका राहतो आणि ते घरी दुरुस्त होण्यासारखं नाही, पण ते क्वचित होतं. ऑर्डरमध्येच दोन जादा हँगर आणि सीटपोस्टच्या क्लँपचा एक जादा तुकडा लिहून घ्या. ते तुकडे त्या फ्रेमपुरतेच असतात, इथल्या कुठल्याही पेठेत मिळत नाहीत. पार्सल भारतात आलं की कुरिअरवाले कस्टमसाठी केवायसीची कागदपत्रं मागतात, ती तयार ठेवा, नाहीतर खोका गोदामात पडून राहतो.

नवा बीबी बसवून आता २,३०० किलोमीटर झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा आला. दर पाचशेला क्रँकचे बोल्ट आणि हँगर तपासतो, बीबीला हात लावलेला नाही. मागच्या महिन्यात मुळशीहून येताना परत टकटक ऐकू आली आणि पोटात गोळा आला. ३० बाय ३० सोडून मागे २५ टाकला, ताल ना पायाचा ना चाकाचा. घरी येऊन पाहिलं तर बाटलीच्या स्टँडचा खालचा बोल्ट निम्मा बाहेर आलेला होता.